संगणकाचा कारभारी कोण?

लग्नघरात आचारी असतात, वाढपी असतात. पण कोठीच्या किल्ल्या ज्याच्या हाती, त्या कारभाऱ्यावाचून पंगत बसत नाही. संगणकाचेही तसेच आहे. पत्र लिहिणाऱ्या, चित्र काढणाऱ्या, गाणे ऐकवणाऱ्या आज्ञावल्या निरनिराळ्या. त्यांपैकी कोणाला किती मेमरी द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, कोणती फाइल कोठे ठेवायची आणि ती कोणाला उघडू द्यायची, हे ठरवणारी व्यवस्था वेगळी. तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. घरगुती संगणकावर आज विंडोज, मॅक ओएस व लिनक्स या तीन प्रमुख प्रणाली आढळतात. त्यांत श्रेष्ठ कोणती, हा वाद जुना आहे. तो मिटवण्याचा आव येथे नाही. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिघींचे गुणदोष पाहावेत, एवढाच हेतू.

अमेरिकेतील ॲपल कंपनीने जानेवारी १९८४ मध्ये मॅकिंटॉश संगणक आणला. आज्ञा टाइप करण्याऐवजी पडद्यावरील चित्रांवर माउसने काम करण्याची रीत त्याने लोकप्रिय केली. यंत्र आणि प्रणाली दोन्ही एकाच कंपनीची असल्याने त्यांचा मेळ उत्तम बसतो. चित्र व ध्वनीचे काम करणाऱ्यांना मॅक प्रिय आहे तो यामुळेच. परंतु हा कारभारी स्वतःचे घर सोडून दुसरीकडे चाकरी करीत नाही. ॲपलचाच संगणक घ्यावा लागतो आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबाला झेपणारी नसते.

मायक्रोसॉफ्टची विंडोज नोव्हेंबर १९८५ मध्ये आली. ती अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालते, म्हणून घरोघरी पोहोचली. हिशेबाच्या, छपाईच्या, कार्यालयीन कामाच्या बहुतेक आज्ञावल्या तिच्यासाठी मिळतात. पण जेथे गर्दी, तेथे खिसेकापूही अधिक! मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक आज्ञावलीने ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे काम अडवले. ती ज्या छिद्रातून शिरली, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेक संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती.

लिनक्सची कथा आपल्याला अधिक जवळची वाटावी. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. उबुंटू, मिंट, डेबियन ही तिचीच रूपे विनामूल्य मिळतात. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाचे रूप तयार केले आहे. उणीव अशी, की फोटोशॉपसारख्या काही प्रसिद्ध आज्ञावल्या लिनक्ससाठी निघतच नाहीत आणि एखादा प्रिंटर चालू करताना घाम फुटतो.

ही तुलना आज केवळ चर्चेची राहिलेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत देण्यात आली, एवढेच. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चीप लागते. अनेक धडधाकट जुने संगणक या अटींत बसत नाहीत. माझ्यासारख्या, घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थिनीच्या हाती बहुधा असाच कोणीतरी वापरून सोडलेला संगणक येतो. नव्यासाठी घरी पैसे मागणे म्हणजे काय, हे मागणाऱ्यालाच ठाऊक! अशा यंत्रावर लिनक्सचे एखादे हलके रूप अजून कित्येक वर्षे नेटाने चालते. आधी ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. आतल्या डिस्कला हात लागत नाही. पसंत पडले तर आपल्या फाइलींची प्रत काढून ठेवावी आणि मगच ते कायम बसवावे.

मराठीचे काय? टंकलेखनाची सोय तिन्ही प्रणालींत आहे. अडचण होते ती जुन्या पद्धतीच्या फाँटांनी. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला, की कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५; तो विंडोजवरही तोच, मॅकवरही तोच आणि लिनक्सवरही तोच.

तेव्हा मित्रहो, हिशेब वा छपाईचा व्यवसाय करायचा असेल तर विंडोज सोयीची. पैसा आणि कलेची ओढ दोन्ही असतील तर मॅक उत्तम. निबंध, टिपणे, वाचन आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर लिनक्स पुरेशी आहे. आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका तरी संगणकावर ती बसवावी, अशी गुरुजनांना नम्र विनंती आहे. आणि कोणतीही प्रणाली निवडा, मराठी लिहाल ते युनिकोडमध्येच लिहा. उद्या कारभारी बदलला, तरी आपली वही आपल्याला वाचता आली पाहिजे.