१ ऑक्टोबर: तीन दिग्गज, एक तारीख

अमडापूरच्या गानवेड्यांनो, कॅलेंडरवर १ ऑक्टोबरला गोल करून ठेवा!

सचिनदेव बर्मन यांचा जन्म याच तारखेचा, साल १९०६. पण खरी गंमत १९१९ ची. शेटफळ्यात ग. दि. माडगूळकर आणि उत्तरेत मजरूह सुलतानपुरी, दोघंही एकाच दिवशी जन्मले! गदिमांचं ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर गाजलं. ५६ गीतं, संगीत बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथाही गदिमांचीच, हे कित्येकांच्या गावीही नसतं. मजरूह हे फाळके पुरस्कार मिळवणारे पहिले गीतकार. बर्मनदा-मजरूह जोडी ऐकायचीय? १९७३ चा ‘अभिमान’ लावा. माझ्या मते त्यात एकही गाणं फिकं नाही.