मुलाचा परदेशी अर्ज आणि बापाची वही

आपल्या व्यापारी समाजात मुलगा बारावीला गेला की घरात दोनच वाटांची चर्चा होते. मार्क चांगले पडले तर डॉक्टर किंवा इंजिनियर. नाही पडले तर दुकानाची गादी आहेच. पण जो धंदा त्याने पुढे करायचा, त्याची रीतसर तालीम घेण्याची गोष्ट फारशी निघत नाही. ही तालीम आता निरनिराळ्या देशांत राहून घेता येते, आणि तिचा अर्ज पारोळ्यात बसून भरता येतो. या अर्जाला काय लागते आणि आपल्या घरातली मुले कुठे अडकतात, याची माहिती व्यापारी बांधवांना व्हावी म्हणून हा लेख.

ही पदवी आहे तरी काय?

बारावीनंतर तीन किंवा चार वर्षांची व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी, आणि त्यातला काही काळ दुसऱ्या देशात, असे तिचे साधे रूप आहे. मोठा नमुना म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेला ‘वर्ल्ड बॅचलर इन बिझनेस’ हा अभ्यासक्रम. अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, हाँगकाँगचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि इटलीतील मिलान शहराचे बोकोनी विद्यापीठ, अशा तिघांनी मिळून तो काढला. पहिले वर्ष लॉस एंजेलिसला, दुसरे हाँगकाँगला, तिसरे मिलानला आणि चौथे या तिघांपैकी एका ठिकाणी. शेवटी तिन्ही विद्यापीठांची पदवी हाती येते. जवळचा नमुना मुंबईचा. एस. पी. जैन स्कूल ऑफ ग्लोबल मॅनेजमेंटची केंद्रे मुंबईबरोबर दुबई, सिंगापूर आणि सिडनी येथेही आहेत, आणि तिचा पदवीचा विद्यार्थी एकाहून अधिक शहरांत शिकतो.

शेजारच्या तालुक्याचे उदाहरण

खानदेशातल्या तिजारती घरातून मुलगा परदेशी पदवीला जाणे ही आजची नवलाई नाही. आपल्या शेजारच्या अमळनेरला मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. वनस्पती तूप, तेल आणि कपडे धुण्याचा साबण हा तिचा माल. आज तिला सगळे जग विप्रो म्हणून ओळखते. प्रेमजी तांदळाचे मोठे व्यापारी. त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनियरिंग शिकत असताना १९६६ मध्ये वडिलांचे निधन झाले. एकवीस वर्षांच्या मुलाला शिक्षण अर्धे टाकून परत यावे लागले. राहिलेली पदवी त्यांनी अनेक वर्षांनी पूर्ण केली.

या हकिकतीतून लोक मेहनतीचा सबक घेतात, आणि तो बरोबर आहे. व्यापाऱ्याने मात्र आणखी एक गोष्ट पाहावी. ही कंपनी १९४६ पासून लोकांना शेअर विकणारी होती. अमळनेरच्या अनेक घरांत तिचे शेअर आहेत. अशा कंपनीचा ताळेबंद दरवर्षी तपासला जातो आणि भागधारकांपुढे ठेवला जातो. धंदा किती आणि कोणाचा, हे कागद सांगतो. आपल्याकडे परदेशी शिक्षणाचा अर्ज नेमका याच कागदावर अडतो. मुलगा पास होतो, पण बापाची वही नापास होते.

अर्जाचा बस्ता

अर्जात साधारण सहा वस्तू लागतात. नववीपासूनच्या गुणपत्रिका. इंग्रजीची परीक्षा, बहुधा आयईएलटीएस किंवा टोफेल. आयईएलटीएस नऊ गुणांची असते, पुष्कळ ठिकाणी सहा ते साडेसहा मागतात आणि निकाल दोन वर्षे चालतो. काही अमेरिकन विद्यापीठांना सॅट ही परीक्षा लागते. शिक्षकांची शिफारसपत्रे, येथे नगरसेवकाचे किंवा आमदाराचे पत्र चालत नाही, ज्याने वर्गात शिकवले त्याचेच लागते. मुलाने स्वतःबद्दल लिहिलेला निबंध. आणि पासपोर्ट.

वेळापत्रक आपल्या सवयीपेक्षा उलटे आहे. आपल्याकडे निकाल लागला की फॉर्म भरायचा. अमेरिकेची पहिली मुदत बहुधा १ नोव्हेंबरच्या सुमारास आणि नेहमीची मुदत जानेवारीच्या आरंभी असते. इंग्लंडचा सामायिक अर्ज जानेवारीत जातो, त्यात पाच जागा मागता येतात. म्हणजे बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होण्यापूर्वीच अर्ज गेलेला असतो, आणि त्यात कॉलेजने ‘एवढे गुण मिळतील’ असा अंदाज लिहून द्यायचा असतो. तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजांना याची सवय नाही. म्हणून प्राचार्यांना बारावीच्या सुरुवातीलाच भेटावे, नमुना दाखवावा आणि अदबीने समजावून सांगावे.

निबंधाची भीती बाळगू नये. मी उर्दू शाळेत शिकलो, आपली बरीच मुले आजही तिथेच शिकतात, आणि इंग्रजी कच्चे म्हणून ती मागे हटतात. इंग्रजी दोन वर्षांत सुधारता येते. पण रमजानच्या सीझनला किती माल भरायचा, लग्नसराई संपल्यावर उरलेल्या थानांचे काय करायचे, कापूस घरात आला नाही तर शेतकऱ्याची उधारी किती दिवस थांबवायची, हे ज्या मुलाने गल्ल्यावर बसून पाहिले, त्याच्याजवळ लिहायला खरी वस्तू आहे. शहरातल्या महागड्या शाळेतल्या मुलाला ती विकत मिळत नाही. मुलाने तेच आपल्या शब्दांत लिहावे. दुसऱ्याकडून पैसे देऊन लिहून घेऊ नये; ती फसवणूक आहे, आणि उघडकीस आली तर प्रवेश जातो.

पहिला अडथळा: नाव

दाखल्यावर ‘शेख मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद शेख’, दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘मो.’, आणि वडिलांच्या पॅनवर आणखी तिसरेच. इंग्रजी स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर वेगळे. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, परदेशी कारकुनाला चार दिसतात. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी सोपी असते. बोर्डाचे प्रमाणपत्र हाती आल्यावर तेच काम फार जड जाते. मूल आठवी-नववीत असतानाच सगळे कागद एका रांगेत ठेवून अक्षरन्‌अक्षर जुळवावे, आणि मग पासपोर्ट काढावा.

दुसरा अडथळा: उत्पन्न

आपले बहुतेक छोटे व्यापारी उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरतात. ही पद्धत कायद्याने दिलेली आहे, तिच्यात वावगे काही नाही. वावगे तेव्हा होते, जेव्हा निम्मी विक्री वहीतच येत नाही. रिटर्नमध्ये वर्षाचे चार लाख दिसतात आणि मुलाची फी पंचवीस लाख भरण्याची तयारी दाखवली जाते. व्हिसा अधिकाऱ्याने विचारले की हा पैसा कुठून आला, तर उत्तर नसते. मग नातेवाइकांकडून आठ दिवसांसाठी रक्कम घेऊन खाते फुगवतात. ही युक्ती आता चालत नाही. इंग्लंडच्या व्हिसासाठी पैसा खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. अमेरिकेचे विद्यापीठ पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा पाहूनच व्हिसाचा कागद देते. जर्मनीत एका वर्षाच्या खर्चाची रक्कम अडकवलेल्या खात्यात आधी भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे.

गरीब घराला तर चोख कागद अधिकच उपयोगी पडतो. अमेरिकेतील काही विद्यापीठे घरचे उत्पन्न पाहून फीत सूट देतात. इटलीत विभागीय शिष्यवृत्ती कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर ठरते. तेथे तुमची गरिबीसुद्धा कागदावर सिद्ध करावी लागते.

यात आपल्यासाठी नवीन काही नाही. कुरआन शरीफातील सर्वात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लेखनिकाने इन्साफाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, हा आदेश ज्यांच्या घरात रोज वाचला जातो, त्यांच्याच दुकानात चिठ्ठ्यांवर धंदा चालावा, याचा प्रत्येकाने विचार करावा.

तिसरा अडथळा: धंदा कोणाचा

आपल्याकडे एकत्र कुटुंब. दुकान दादांच्या नावावर, गोदाम मोठ्या चाचांच्या नावावर, खाते अब्बांचे, आणि कमाई सर्वांची. चाचा मोकळ्या मनाने म्हणतात, ‘मुलगा माझाच आहे, पैसा मी देतो.’ पण इंग्लंडच्या नियमात पैसा विद्यार्थ्याचा स्वतःचा, आई-वडिलांचा किंवा कायदेशीर पालकाचा असावा लागतो. चाचा-मामांच्या खात्यावरचा चालत नाही. म्हणून भागीदारीचा लेख करून तो नोंदवावा, प्रत्येकाचा हिस्सा लिहावा, आणि ज्याचा नफा त्याच्या खात्यात दरवर्षी जावा. भावाभावांत हे बोलायला जीभ अडखळते. पण मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने बोललेले बरे. वारसाच्या वेळी बोलण्यापेक्षा ते नक्कीच सोपे आहे.

पैशाचा हिशेब

फीचा आकडा एकट्याने फसवतो. त्यात खोली, जेवण, विमा, तिकीट आणि व्हिसा मिळवा. शिवाय रुपयाचा भाव. २०२२ च्या आरंभी एक डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या वर गेला. डॉलरमधली फी एका पैशाने वाढली नाही तरी बापाच्या खिशातून पाचवा हिस्सा जास्त गेला. चार वर्षांचा हिशेब आजच्या भावाने करणारा व्यापारी कच्चा म्हणावा. बँकेतून वर्षाला दहा लाखांहून अधिक शिक्षणाचा पैसा बाहेर पाठवला तर जादा रकमेवर टीसीएस कापतात. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते.

सरकारी मदतीबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. अल्पसंख्याकांसाठीची ‘पढो परदेश’ ही व्याज सवलतीची योजना २०२२-२३ पासून बंद झाली, आणि ती चालू होती तेव्हाही पदव्युत्तर शिक्षणासाठीच होती. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. त्याच्या शैक्षणिक कर्ज योजनेत परदेशासाठी ३० लाखांपर्यंतची तरतूद आहे, आणि आपल्या राज्यात ते काम मौलाना आझाद महामंडळामार्फत होते. जास्त उत्पन्नाच्या गटात मुलींना मुलांपेक्षा व्याज कमी आहे. उत्पन्नाची मर्यादा, जामीनदार आणि निधीची उपलब्धता यांची चौकशी जिल्हा कार्यालयात समक्ष करावी. व्याजाच्या मसल्याबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. जमातीने कर्जे-हसनाचा छोटा निधी उभारला तर निदान परीक्षा, अर्ज आणि पासपोर्टचा खर्च त्यातून निघेल. पुष्कळ मुले या पहिल्या खर्चालाच थांबतात.

दलालाबद्दल एक शब्द. आपण दलाली जाणतो. परदेशी प्रवेश करून देणाऱ्या बहुतेक एजंटांना विद्यापीठाकडून कमिशन मिळते. म्हणून तो जो माल पुढे करतो, तोच सर्वात चांगला असे नव्हे. फी आणि मुदत विद्यापीठाच्या स्वतःच्या माहितीवरून ताडून पाहावी.

खिशाला परवडणारी वाट

ज्याला दुकान गहाण ठेवावे लागेल, त्याने पूर्ण परदेशी पदवीचा हट्ट धरू नये. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे भारतीय कॉलेजातील विद्यार्थी जोड अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंतचे शिक्षण परदेशी विद्यापीठात घेऊ शकतो, आणि पदवी भारतीयच राहते. मात्र फ्रँचायझी पद्धतीने वाटलेली परदेशी पदवी यूजीसी मानत नाही. कॉलेजच्या बोर्डावर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेले असले तरी हा प्रश्न लेखी विचारावा. जून २०२५ मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईत केंद्र उघडण्यासाठी इरादापत्रे मिळाली. तिकडेही लक्ष ठेवावे. आणि सर्वात स्वस्त वाट म्हणजे बी.कॉम. किंवा बीबीए इथेच चांगल्या गुणांनी करून पदव्युत्तर शिक्षणाला बाहेर जाणे, कारण शिष्यवृत्त्या बहुतांशी तिथेच आहेत.

मुलींबद्दलही हेच सर्व लागू आहे. घरातली उधारीची वही जी मुलगी मोबाइलवर उतरवून ठेवते, तिला व्यवस्थापन शिकवायला काय हरकत आहे? वसतिगृह, नातेवाईक, जेवण यांची चौकशी जरूर करावी; पण चौकशीच न करता नकार देऊ नये.

ज्यांची मुले आज नववी-दहावीत आहेत, त्यांच्या हातात तीन वर्षे आहेत. तीन वर्षांचे खरे रिटर्न, तीन वर्षांचे बँक खाते, नोंदवलेली भागीदारी आणि एका नावाचे सगळे कागद एवढे तयार झाले, तर मूल परदेशी जावो न जावो, दुकानाचे भले होईलच. बँक कर्ज देताना हेच कागद मागते, आणि मोठा सप्लायर उधारीवर माल देतानाही हेच पाहतो. या महिन्यात आपल्या सीएकडे जाऊन एवढेच विचारा की आपला कागद उद्या परदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला तर टिकेल का. उत्तर जे मिळेल, तिथून कामाला लागावे.