आठ तारा, चार जोड्या

शिरूर-दौंड भागात नेटवर्कची केबल ओढणारा माणूस लोकांच्या तोंडी बहुधा ‘कॅमेरेवाला’च असतो. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत त्याचं काम ऑफिसात आणि गेटवर. गावात पतसंस्थेत, पेट्रोल पंपावर, गुऱ्हाळावर, कांदाचाळीवर. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या खोक्यापर्यंत आली, तरी खोक्यापासून संगणकापर्यंतचे शेवटचे पंधरा-वीस फूट तांब्याचेच असतात. त्या तांब्याच्या टोकाला नखापेक्षा थोडं मोठं पारदर्शक प्लास्टिक असतं. सगळे त्याला आरजे-४५ म्हणतात. ते मारायला, म्हणजे क्रिंप करायला, दोन मिनिटं लागतात, नीट मारायला तीन.

केबलचं साल इंचभर सोललं की पिळलेल्या चार जोड्या दिसतात: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक रंगीत तारेची जोडीदार पांढरी, त्याच रंगाच्या पट्ट्याची. आपल्याकडे बहुतेक जण ‘बी’ क्रम लावतात: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिट्टी खाली, तोंड आपल्याकडे. पहिली तार डावीकडून. जाणता कारागीर तारा बोटांत घासून सरळ करतो, एका रेषेत कापतो, आत सरकवतो आणि समोरून बघतो, की आठही टोकं भिंतीला टेकली का. मगच टूल दाबतो. सोनेरी पत्र्यांचे दात इन्सुलेशन भेदून तांब्यात शिरतात, त्यामुळे तारा एकेक करून सोलायच्या नसतात. त्याच दाबात मागची खीळ केबलच्या सालावर बसली पाहिजे. साल बाहेर राहिलं तर सगळी ओढ तारांवर येते, आणि टेबलाखाली झाडू फिरला की नेट जातं.

निळी जोडी मधोमध आणि हिरवी तिच्या दोन्ही अंगांना फाकलेली, हा क्रम विचित्र वाटतो खरा. त्यामागे टेलिफोन आहे. फोनची पहिली लाइन मधल्या दोन पिनांवर आणि दुसरी तिच्या दोन बाजूंना यायची. ती मांडणी तशीच ठेवून हा क्रम ठरला. तारा पिळायची युक्तीही टेलिफोनचीच, ग्रॅहॅम बेलच्या १८८१च्या पेटंटमधली. जोडीतल्या दोन तारांत एकच सिग्नल उलटसुलट धावतो. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच चढतो आणि पलीकडे वजा होतो. हे जमतं ते पीळ असेल तिथवरच. म्हणून कनेक्टरपाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उलगडू नये.

नवशिक्याची चूक इथेच होते. तो म्हणतो, दोन्ही टोकांना सारखे रंग असले म्हणजे झालं, आणि केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या शेजारी-शेजारी लावून टाकतो. स्वस्तातला टेस्टर आठही दिवे ओळीने पेटवतो. टेस्टर खोटं बोलत नाही. एका टोकाची तार दुसऱ्या टोकाला पोचली का, एवढंच त्याला कळतं. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर आता एका जोडीची एक आणि दुसरीची एक अशा तारा येतात, नि पिळाचा उपयोगच संपतो. टेबलावरच्या छोट्या केबलीत हे खपून जातं. पन्नास मीटरवर नेट रांगायला लागतं, मग दोष राउटरला. पूर्वी शंभर एमबीपीएसला दोनच जोड्या लागत, त्यामुळे उरलेल्या चार तारांतली एखादी ढिली असली तरी भागून जाई. १९९९मध्ये प्रमाण ठरलेल्या गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे घरात फायबर आल्यावर जुने ढिले कनेक्टर उघडे पडतात.

असं काम हाताने करतच शिकावं लागतं, आणि ती परंपरा शिरूर तालुक्यातच आहे. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथे मुलं खरंखुरं वायरिंग करून शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅब चळवळीचं अगदी सुरुवातीचं एक केंद्रही २००२मध्ये तिथेच उभं राहिलं. क्रिंपिंगसारखं काम फळ्यावर शिकवून येत नाही, हे मला तरी उघड वाटतं.

शेतावर मात्र नुसता हात पुरत नाही. तांब्याच्या या केबलची हद्द शंभर मीटर, आणि जिथे कॅमेरा लावायचा ती विहीर वस्तीपासून बहुधा त्याहून लांब असते. पैसे वाचवायला मोटारीच्या थ्री-फेज वायरच्याच पाइपातून केबल नेतात. घरातली पांढरी केबल उन्हात टाकतात. तिचं साल तडकतं, पावसाचं पाणी आत शिरतं. सगळ्यात फसवी ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल. बंडल हलकं, भाव कमी, पण रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. कॅमेऱ्याला वीज त्याच केबलीतून जाते. दिवसा चित्र स्वच्छ दिसतं. अंधार पडून कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची मागणी वाढते, टोकाला व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो. बिबट्या नेमका तेव्हाच गोठ्याकडे फिरकतो. अशा वेळी कनेक्टर कितीदाही बदला, फरक पडत नाही. तार ब्लेडने खरवडावी. आतून पांढरी निघाली तर केबलच काढून टाकावी. शंभर मीटरच्या पुढे फायबर ओढावी, टोकाला मीडिया कन्व्हर्टर बसवावा, आणि शेतीची वीज पाळीने येते म्हणून तिथेच छोटं सोलर पॅनेल आणि बॅटरी.