बेलवली ते अवे मॅच : आधी परतीची गाडी, मग सामना



फुटबॉलमध्ये दोन शब्द नेहमी कानावर पडतात, होम मॅच आणि अवे मॅच. आपल्या संघाच्या मैदानावर सामना असला की होम. दुसऱ्याच्या गावी जाऊन खेळायचं असलं की अवे. खेळाडूंच्या प्रवासाची, राहण्याची सोय क्लब करतो. पण चाहत्यांचं काय? ते आपल्या खर्चाने, आपल्या सुट्टीत, बहुतेक वेळा रेल्वेने जातात. हा प्रवास ठरवायचा कसा, हे आज आपण पाहणार आहोत. यात परिसर अभ्यास आहे, नकाशा आहे, चोवीस ताशी घड्याळ आहे आणि वजाबाकी तर भरपूर आहे.

आपल्याला होम मॅचसुद्धा लांबच

मुंबई सिटी एफसी हा संघ २०१४ साली इंडियन सुपर लीगबरोबर सुरू झाला. १८ ऑक्टोबर २०१४ ला त्याने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर पुणे सिटीला ५-० असं हरवलं. तेव्हा आपल्याकडचे चाहते बदलापूरहून ठाण्याला आणि तिथून ट्रान्सहार्बरने नेरूळला जात. २०१६ पासून संघाचे घरचे सामने अंधेरीच्या क्रीडा संकुलात होऊ लागले.

आता नकाशा समोर घ्या. बदलापूर स्टेशन मुंबई सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर, मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर. अंधेरी पश्चिम रेल्वेवर. अंधेरीत राहणारा चाहता चालत मैदानावर जातो. बेलवलीच्या चाहत्याला एक लोकल, एक मेट्रो आणि दोन्ही बाजूंचं चालणं. म्हणजे संघ घरी खेळतोय, पण आपण मात्र पाहुणे! म्हणून लांबच्या गावाआधी अंधेरीचं गणित शिकूया.

पूर्वी दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडावी लागे. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि सोपा रस्ता मिळाला. बदलापूरहून घाटकोपरला उतरायचं, मेट्रोने आझाद नगरला जायचं. मैदान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

उलटी मोजणी

जायचं कसं हे सगळे ठरवतात. यायचं कसं, हे बहुतेक जण मैदानातून बाहेर पडल्यावर ठरवायला लागतात. आपण उलटं करायचं. आधी सामना संपायची वेळ काढायची.

एक अर्धा ४५ मिनिटांचा, मध्यंतर १५ मिनिटांचं, दुसरा अर्धा ४५ मिनिटांचा. बेरीज १०५ मिनिटं. वाया गेलेल्या वेळेची भरपाई साधारण १० मिनिटं धरा, म्हणजे ११५. सामना १९:३० ला सुरू झाला तर संपेल २१:२५ ला. आता पुढे मोजा :

- गर्दीतून बाहेर पडून आझाद नगर स्टेशन : २५ मिनिटं (२१:५०)
- तपासणी, गाडीची वाट, घाटकोपरपर्यंत प्रवास : ३० मिनिटं (२२:२०)
- मेट्रोतून उतरून लोकलचा फलाट : १० मिनिटं (२२:३०)
- बदलापूर किंवा कर्जत लोकलची वाट : जास्तीत जास्त ३० मिनिटं (२३:००)
- बदलापूरपर्यंत प्रवास : साधारण १ तास (००:००)
- स्टेशनवरून बेलवलीत घरी : १५ मिनिटं (००:१५)

बघा, सामना दोन तासांचा सुद्धा नाही आणि नुसतं घरी यायला २ तास ५० मिनिटं! ही मिनिटं मी जरा सैल हातानेच धरली आहेत. प्रवासाचा अंदाज नेहमी असाच धरावा. लवकर पोचलो तर बिघडत नाही.

लोकलची वाट बघायला अर्धा तास का धरला? कारण कल्याणपर्यंत गाड्या पुष्कळ असतात. कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा असे दोन फाटे फुटतात आणि आपल्या वाट्याच्या गाड्या कमी होतात. रात्री दहानंतर तर आणखी कमी. म्हणून घाटकोपरला समोर आलेली कल्याण लोकल पकडून "पुढचं पुढे बघू" असं म्हणण्याआधी कल्याणहून पुढची गाडी किती वाजता आहे ते तपासा.

आता अवघड प्रश्न. सामना बाद फेरीचा असेल आणि बरोबरी झाली तर? जादा वेळ ३० मिनिटं, मधल्या थांबण्यासकट पेनल्टी शूटआउट आणखी १५-२० मिनिटं. घरी पोचायची वेळ रात्री एकच्या पुढे जाते आणि शेवटची लोकल हुकायची भीती असते. अशा सामन्याला दोनच मार्ग आहेत. एक, घाटकोपर-ठाण्याकडे मावशी-आत्याकडे मुक्काम आधीच ठरवून ठेवायचा. दोन, कितीही रंगात आला तरी ठरलेल्या वेळेला मैदान सोडायचं. दुसरा मार्ग फार कठीण, बरं का! म्हणून पहिला आधी बघावा.

आता खरी अवे मॅच : गोवा

आपल्या सगळ्यात जवळच्या अवे मॅचपैकी एक म्हणजे एफसी गोवाविरुद्धची. मैदान मडगावजवळ फातोर्ड्याला. मडगाव हे कोकण रेल्वेचं मोठं स्टेशन, तिथून फातोर्डा रिक्षाने किंवा मोटारसायकलच्या 'पायलट'ने सहज गाठता येतं.

पण एक गंमत आहे. आपण रेल्वेमार्गावर राहतो, तरी मुंबईहून सुटणारी कोकणची गाडी आपल्या दारावरून जात नाही. ठाणे सोडल्यावर ती दिव्याला वळते आणि पनवेलकडे जाते. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर बाजूलाच राहतात. म्हणून आपल्याला आधी उलट्या दिशेने ठाण्याला जावं लागतं.

समजा शनिवारी १९:३० ला सामना आहे. मांडवी एक्स्प्रेस सकाळी मुंबईहून सुटते, पण मडगावला संध्याकाळ होते. त्याच दिवशी तिने गेलात तर सामान हातात घेऊन मैदानाकडे धावावं लागेल, आणि गाडीला उशीर झाला तर पहिला अर्धा गेलाच. कोकणकन्या एक्स्प्रेस मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मडगावला पोचते. म्हणून शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या.

परतीला काय? मुंबईकडे येणारी कोकणकन्या मडगावहून संध्याकाळीच निघते. म्हणजे पंच शिट्टी वाजवतील तेव्हा आपली गाडी गेलेली असेल! मग शनिवारी रात्री मुक्काम आणि रविवारी सकाळची मांडवी. ती रात्री नऊच्या सुमारास ठाण्याला येते.

हिशेब करा. शुक्रवारी २१:३० ला बेलवली सोडलं, रविवारी २२:३० ला घरी. एकूण ४९ तास. त्यातले दोन तास सामना. मुक्कामाचा खर्च, दोन दिवसांचं जेवण, हे सगळं तिकिटाच्या किमतीत धरलं पाहिजे. "तिकीट स्वस्त आहे, जाऊ की" म्हणणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो. गाड्यांच्या वेळा बदलतात आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, म्हणून निघण्याआधी ताज्या वेळा बघाव्याच.

तारखेचा सापळा

कोकणकन्या ठाण्याला मध्यरात्रीच्या थोडं आधी येते आणि पनवेलला मध्यरात्रीनंतर. गाडी तीच, रात्र तीच. पण ठाण्याहून चढणाऱ्याची तारीख शुक्रवारची आणि पनवेलहून चढणाऱ्याची शनिवारची. आरक्षण करताना आपण जिथे चढणार त्या स्टेशनची तारीख लागते. पनवेलहून चढायचं असताना शुक्रवार टाकला, तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. रात्री १२ वाजता तारीख बदलते हे आपण दुसरी-तिसरीत शिकतो, उपयोग इथे होतो.

आरक्षणाचे काही नियम

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी ही मुदत १२० दिवस होती. सामन्यांचं वेळापत्रक मात्र कधी उशिरा येतं, कधी बदलतं. म्हणून तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं बघा. परतीचं मिळत नसेल तर जायचं काढू नका. सामन्याची तारीख बदलली तर तिकीट लवकर रद्द करा, जितका उशीर तितके पैसे जास्त कापले जातात.

एका पीएनआरवर जास्तीत जास्त ६ प्रवासी बसतात. २० जणांचा गट असेल तर किती पीएनआर लागतील? २० भागिले ६, भागाकार ३, बाकी २. त्या बाकीच्या दोघांसाठी चौथा पीएनआर लागतो. भागाकारातली बाकी सोडून द्यायची नसते ती अशी!

आरएसी असेल तर गाडीत बसायला जागा मिळते. नुसतं वेटिंग राहिलं तर आरक्षित डब्यातून जाता येत नाही. आणि ५ वर्षं पूर्ण झालेल्या, पण १२ पूर्ण न झालेल्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं.

मेगाब्लॉक आणि पाऊस

रविवारी सामना असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आधी बघावा. दुपारच्या वेळात गाड्या कमी होतात, काही धीम्या मार्गावर वळवतात. जाताना तासभर जास्त धरावा.

पावसाळ्याचं तर आपल्याला सांगायलाच नको. जुलै २०१९ मध्ये मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. २७ जुलैला सुमारे हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. उल्हास नदी चढली की कोणाचंच वेळापत्रक चालत नाही. इशारा आला असेल तर सामना टीव्हीवर पाहावा.

खेळासाठी धावणाऱ्या गाड्या

इंग्लंडमध्ये १८८८ साली १२ संघांची फुटबॉल लीग सुरू झाली. रेल्वे होती म्हणूनच एका गावचा संघ आणि त्याचे चाहते दर आठवड्याला दुसऱ्या गावी जाऊ शकले. पुढे तिथे चाहत्यांसाठी खास गाड्या सोडत. लंडनमध्ये तर १९३२ साली एका भुयारी रेल्वे स्टेशनचं नाव बदलून आर्सेनल या क्लबचं नाव दिलं.

आपल्याकडची डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. सुरुवातीला ती आठवड्याच्या शेवटी धावायची आणि पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्यांची गाडी म्हणून ओळखली जायची. पण पुणे सिटीचे सामने बालेवाडीला होत, तेव्हा संध्याकाळच्या सामन्याला ती उपयोगाची नव्हती. ती पुण्यात पोचते साडेआठच्या आसपास, म्हणजे मध्यंतर संपताना! केरळात कोची मेट्रो सामन्याच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत गाड्या चालवते. अशी सोय असली की लांबचा माणूस शेवटची शिट्टी ऐकून निघू शकतो.

कोल्हापूरकरांना ही चिंता कमीच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ एकाच शहरातले, मैदान शाहू स्टेडियम. समोरचा संघ शेजारच्या पेठेतला. घरचं पोरगं पायी जाऊन पायी येतं. तिथे फुटबॉल घराघरात असण्याचं हे एक कारण असावं.

हे सगळं शिकायचं कशाला?

१५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळले गेले, तेव्हापासून आपल्या भागातही चेंडूमागे धावणारी मुलं-मुली दिसतात. यातल्या कितीतरी जणांनी मोठा सामना मैदानात बसून पाहिलेला नाही. घरून नकार येतो. मुलींना तर विचारायच्या आधीच. पण आईवडिलांचा राग फुटबॉलवर नसतो, त्यांना रात्री साडेअकराचा फलाट डोळ्यांसमोर दिसत असतो. त्यांची काळजी खरी आहे. तिला "काही होत नाही हो" हे उत्तर पुरत नाही. कागदावर लिहिलेलं उत्तर द्यावं : कोण मोठं माणूस सोबत आहे, कोणती गाडी, ती चुकली तर कोणती, फोन कुठून करणार, मुक्काम कुठे. असा कागद समोर ठेवला की निदान बोलणं तरी सुरू होतं.

स्वाध्याय

१. सामना १७:०० ला सुरू झाला, तर वरच्या हिशेबाने बेलवलीत किती वाजता पोचाल?
२. २७ जणांच्या गटाला किती पीएनआर लागतील?
३. नकाशात दिवा आणि कल्याण शोधा. कोकणची गाडी कुठे वळते ते दाखवा.
४. घरच्यांबरोबर बसून एका सामन्याच्या प्रवासाचा कागद तयार करा. सुरुवात परतीच्या गाडीपासून करा.