डोंगराआडचा पाऊस

पावसाळ्यात घोडेगावात बसून मी मोबाइलवर मुंबईच्या रडारचं चित्र उघडतो. कुलाब्याला हवामान खात्याचं एस-बँड डॉप्लर रडार आहे. चित्रात मधोमध ते, भोवती अंतराची वर्तुळं आणि समुद्रावरून सरकत येणारे हिरवे-पिवळे पट्टे. शंभर किलोमीटरच्या आसपास आपला, आंबेगाव-जुन्नरचा, मावळतीचा भाग येतो: आहुपे, माळीण, भीमाशंकर, नाणेघाट. खूपदा असं होतं, की पश्चिमेच्या गावातून फोन येतो, 'सकाळपासून धो-धो लागलाय', आणि चित्रात तिथे फिकट हिरवा रंग. रडार बिघडलेलं नसतं. ते जे पाहतं ते खरंच असतं. पण नेमकं काय पाहतं, हे समजून घेतलं पाहिजे.

रडारची तबकडी एका गोल घुमटाखाली फिरत असते. तिच्यातून दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरींचा एक झटका निघतो, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतका. मग ती गप्प होते आणि ऐकते. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, वाटेतल्या थेंबांवर आदळते, तिचा अगदी क्षीण अंश माघारी येतो. माळीणच्या डोक्यावरच्या ढगापर्यंत जाऊन परतायला तिला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. परतायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं, तबकडीच्या रोखावरून दिशा. असे शेकडो झटके दर सेकंदाला जातात, तरी तासाभरात रडार प्रत्यक्ष 'बोलतं' ते सगळं मिळून काही सेकंदच. बाकी सगळा वेळ ऐकण्यात जातो.

नुसतं ऐकणारं यंत्र पाहायचं तर आपल्याला लांब जायला नको. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा मधल्या भागात आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे रेडिओ लहरींचा गोंगाट इथे कमी, हे मोठं कारण होतं. या तबकड्या स्वतःहून काहीच पाठवत नाहीत. दूरच्या आकाशगंगांतल्या हायड्रोजनकडून निघालेली लहर मुळात १४२० मेगाहर्ट्झची असते. ती इथे पोचते तेव्हा किती सरकली आहे यावरून तो वायू कोणत्या वेगाने दूर जातोय ते कळतं. ख्रिस्तियान डॉप्लरने १८४२ साली प्राग इथे मांडलेला नियम तो हाच. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाईज बॅलट यांनी आगगाडीत कर्णे वाजवणारे बसवून तो पडताळला. हे बाईज बॅलट पुढे हवामानशास्त्रज्ञ म्हणूनच नावाजले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रडारही हाच नियम वापरतं, पण ढगात लहरीतला हा फरक फारच बारीक असतो. थेंब सेकंदाला दहा मीटर वेगाने रडारकडे येत असेल, तर २८० कोटी हर्ट्झच्या लहरीत जेमतेम २०० हर्ट्झचा फरक पडतो. तो एका झटक्यात मोजता येत नाही. म्हणून रडार लागोपाठचे झटके एकमेकांशी ताडून पाहतं. सेकंदाला सहाशे झटके धरले, तर दोन झटक्यांमधल्या वेळात हा थेंब दीड-पावणेदोन सेंटिमीटर सरकतो. जाण्या-येण्याचा मार्ग त्याच्या दुप्पट कमी होतो, आणि परतलेली लहर तिच्या लांबीच्या एक-तृतीयांशाने पुढे आलेली दिसते. तेवढ्यावरून वाऱ्याचा वेग निघतो. तोही फक्त रडारकडे येणारा किंवा रडारपासून जाणारा. आडव्या वाऱ्याचा पत्ता लागत नाही.

आता पावसाच्या रंगांकडे येऊ, कारण आपलं दुखणं तिथे आहे. परत येणारी लहर किती जोरकस असेल, हे थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर ठरतं. दोन मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या थेंबापेक्षा लहर चौसष्टपट जोराने परतवतो. त्या मोठ्या थेंबात पाणी असतं फक्त आठ लहान थेंबांइतकं. म्हणजे तेवढंच पाणी लहान थेंबांतून पडलं, तर रडारला ते आठपट फिकं दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये नारायणगावच्या द्राक्षबागांवर येणारा गारांचा ढग चित्रात लाल-जांभळा भडकतो. घाटमाथ्यावरचा श्रावणातला पाऊस मात्र बारीक थेंबांचा, दाट, तासन्‌तास चालणारा. तो रडारच्या नजरेत भरत नाही.

शिवाय उंचीचा प्रश्न आहे. रडारचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा पुढे जाईल तसा रुंदावतो. सगळ्यात खालचा झोत अर्धा अंश वर रोखलेला असतो, त्यात पृथ्वीचा गोलवा खाली जातो. कुलाब्याहून माळीण सरळ रेषेत सुमारे ९५ ते १०० किलोमीटर. तिथे या झोताचा मध्य ढोबळ हिशेबाने समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरवर असतो आणि त्याची जाडी दीड किलोमीटरहून अधिक. वाटेत हजार मीटरच्या पुढचा सह्याद्री उभा. झोताचा खालचा भाग कड्याला अडतो, वरचा निसटून पुढे जातो. आणि आपल्याकडचा पाऊस वाढतो तो खालीच: समुद्राकडची ओली हवा कड्यावर चढते, कड्याच्या अंगाशी ढग दाटतो, थेंब खाली येता येता आणखी पाणी गोळा करतात.

३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर आला. दीडशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवसाबद्दल लिहिताना यंत्रांचं कौतुक सांगायला मन धजत नाही. रडार थेंब पाहतं; मातीत किती पाणी मुरलंय, उतार कुठे सुटत चाललाय, हे त्याला कधीच दिसणार नाही. तरीही आदल्या रात्री किती पाऊस पडतोय हे अचूक कळणं, हीच पहिली पायरी आहे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने साताऱ्याकडे मांढरदेवच्या डोंगरावर तीन सेंटिमीटर लहरीचं एक्स-बँड रडार लावून घाटातले ढग अभ्यासले. ही लहर जोरदार पावसात लवकर थकते, पण जवळून आणि उंचावरून पाहिलं तर बारीकसारीक दिसतं. आंबेगाव-जुन्नरच्या माथ्यालाही असं जवळचं रडार मिळालं पाहिजे, आणि त्याची लहर खोडदच्या कामात आड येणार नाही हे आधी तपासून.

तोवर पश्चिमेच्या गावांनी चित्रातल्या फिकट हिरव्यावर निश्चिंत होऊ नये. महसूल मंडळाच्या गावातला पर्जन्यमापक आपल्या वाडीचा पाऊस सांगत नाही. दोन डोंगर ओलांडले की आकडा बदलतो. साधा नळकांड्याचा पर्जन्यमापक शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात उघड्यावर बसवा. दर तीन तासांनी आकडा वहीत लिहा, रात्रीसुद्धा, आणि तो तहसील कचेरीत कळवा. चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर पाऊस हवामान खात्याच्या भाषेत अतिजोरदार. तो आकडा ओलांडला, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, जमिनीला भेग पडली किंवा झाडं कलली, तर मोबाइलवरच्या चित्राची वाट पाहू नका. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि पोरांना घेऊन उताराखालून बाहेर पडा, आणि मग फोन करा.