हळद रक्तात उतरेना

हळदीतला पिवळा रंग युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ मध्येच वेगळा काढला होता. त्या कर्क्युमिनची रचना १९१० मध्ये उलगडली. पण पोटात गेल्यावर त्याचं होतं काय, याकडे बराच काळ फारसं कुणी पाहिलं नाही. १९७८ मध्ये वाहलस्ट्रॉम आणि ब्लेनो यांनी उंदरांना ते खाऊ घातलं. सुमारे पाऊण भाग विष्ठेवाटे बाहेर पडला, रक्तात जेमतेम लवलेश सापडला.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. फोडणीत हळद टाकतात ते या दृष्टीनं बरंच आहे. तरीही जे थोडं आतड्याच्या अस्तरात शिरतं, त्याला तिथली आणि यकृतातली विकरं लगेच ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडतात आणि बाहेरची वाट दाखवतात.

त्याच सुमारास जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांचा गट त्रिकटूच्या मागे लागला होता. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकूट इतक्या आयुर्वेदीय पाठांत का येतं? धागा मिरी-पिंपळीतल्या पिपरीनपाशी पोचला. ते याच विकरांना रोखतं, त्यामुळे औषध रक्तात जास्त टिकतं. यातूनच क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी गोळी २००९ मध्ये बाजारात आली. या सगळ्या प्रवासात मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.

गाजलं मात्र बंगळूरचं. १९९८ मध्ये सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी मोजक्या निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत वीस मिलिग्रॅम पिपरीन दिलं आणि शोषण २००० टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं. आकडा खोटा नाही, पण वाढ जवळपास शून्यावरची आहे, हे डब्यावर कोण छापणार? शिवाय हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. म्हणजे दोन ग्रॅमसाठी वीसेक चमचे हळद. पोह्यांना आपण घालतो चिमूटभर.

मग गोळ्यांचं पेव फुटलं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका विस्तृत आढाव्यानं कर्क्युमिनची औषध म्हणून बाजू दुबळी असल्याचं सांगितलं. २०१९ मध्ये इटलीत अशी पूरकं घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण आढळले. पिपरीन फक्त हळदीचीच वाट मोकळी करत नाही. फिटवरच्या फेनिटॉइनचंही रक्तातलं प्रमाण ते वाढवतं. अशी औषधं चालू असतील, तर मिरीयुक्त कॅप्सूल सुरू करण्याआधी तो डबा डॉक्टरांना दाखवावा. आमटीतल्या मिरपुडीसाठी एवढी धावपळ नको.