सगळ्यात म्हातारा स्विच राजा कसा होतो?

नेटवर्क स्विचच्या एका पोर्टातून निघालेली केबल त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टात खोचा. स्पॅनिंग ट्री बंद असेल, तर काही क्षणांत अख्खं ऑफिस ठप्प! कारण आयपी पॅकेटचं आयुष्य प्रत्येक राउटरपाशी घटत जातं, पण इथरनेटच्या फ्रेमला असं मरणच नाही. चक्रात सापडली की ती फिरतच राहते, वर प्रत्येक पोर्टावर स्वतःच्या प्रती उधळते.

यावरचा उतारा म्हणजेच स्पॅनिंग ट्री. तो रेडिया पर्लमन यांनी 1980च्या दशकात डीईसी कंपनीत काढला आणि 1985च्या शोधनिबंधात त्यावर चक्क एक कविताही घातली, जॉयस किल्मरच्या ‘ट्रीज’चं विडंबन. (‘इंटरनेटची आई’ ही पदवी मात्र बाईंना मुळीच आवडत नाही.)

उतारा असा: सगळे स्विच मिळून एक ‘रूट’ निवडतात, त्याच्याकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट चालू ठेवतात आणि जादा वाटा अडवतात. चालू वाट तुटली की अडवलेली उघडते.

खरी गंमत निवडणुकीत आहे. इथे सर्वांत लहान आकडा जिंकतो! कारखान्यातून येताना सगळ्यांची प्रायॉरिटी सारखीच, 32768. मग बरोबरी सुटते ती मॅक ॲड्रेसवर, म्हणजे प्रत्येक स्विचच्या कारखान्यातल्या क्रमांकावर, आणि लहान ॲड्रेस बहुधा जुन्या स्विचचा. म्हणजे नवा महागडा स्विच बाजूला आणि जिन्याखालचा धूळ खाणारा डबा राजा. नशिबावर सोडण्यासारखी ही गोष्ट नव्हे. मुख्य स्विचला 4096 द्या, राखीवाला 8192. आकडा 4096च्या पटीतच हवा. 5000 टाकलात तर स्विच ऐकणार नाही.

मूळ पद्धतीत पोर्ट सुरू व्हायला 15 अधिक 15, अशी 30 सेकंदं जातात. 2001च्या ‘रॅपिड’ आवृत्तीत हेच काम बहुतेकदा क्षणात उरकतं. कॉम्प्युटरच्या पोर्टाला ही वाट पाहणं टाळणारा ‘पोर्टफास्ट’ लावा, पण सोबत ‘बीपीडीयू गार्ड’ हा पहारेकरी हवाच. कुणी तिथे गुपचूप दुसरा स्विच जोडला, तर तो पोर्ट लगेच बंद करतो.

अख्खं ऑफिस ठप्प होणं ही अतिशयोक्ती वाटते? नोव्हेंबर 2002मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस हॉस्पिटलचं नेटवर्क काही दिवस कोलमडलं आणि डॉक्टर कागद-पेनावर आले. ते जाळं स्पॅनिंग ट्रीला झेपेल त्यापलीकडे पसरलं होतं.

तेव्हा सिस्कोचा स्विच असेल, तर ‘शो स्पॅनिंग-ट्री’ टाइप करून तुमचा राजा कोण ते एकदा बघाच. बदलायचा असेल, तर ऑफिस सुटल्यावर बदला!